कपाटांना कसली टाळेबंदी?

कोरोनामुळे मार्च 2020 मध्ये वाचनालयांना कुलपं लागली, ती महाराष्ट्रात उघडायला 15 ऑक्टोबर उजाडला. मधला सगळा पावसाळा पुस्तकं बंद खोलीत. दमट हवेला आणि कसरीला कसली आलीय टाळेबंदी! म्हणून कितीतरी ग्रंथपाल मधूनच जाऊन खिडक्या उघडायचे, कपाटं झाडायचे, डांबरगोळ्या बदलायचे.

ग्रंथपालांच्या घरी वेगळीच ओढाताण. मोबाइल एकच. त्यावर मुलीची ऑनलाइन शाळा भरलेली असायची आणि नेमका एखाद्या सभासद आजोबांचा फोन यायचा, "अहो ताई, घरातली सगळी पुस्तकं वाचून झाली, काहीतरी पाठवा ना!" मुलगी वैतागायची, आणि तिचंही बरोबरच होतं. त्यात पैशांची चणचण. आपली गावातली वाचनालयं चालतात सरकारी अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर. दारच बंद, तर वर्गणी भरणार कोण? पगार मुळातच तुटपुंजा, तोही लांबायचा.

पुढे वाचनालयं उघडली. सॅनिटायझर फवारला की कागद खराब होतो, म्हणून परत आलेली पुस्तकं दोन-तीन दिवस वेगळ्या टेबलावर ठेवायची. माणसांसारखं पुस्तकांनाही विलगीकरण! घरी गेल्यावर आधी आंघोळ, मगच लेकराला जवळ घ्यायचं. आणि दिवाळी तोंडावर आलेली, त्यामुळे सभासद दारातूनच विचारायचे, "अंक आले का?"

मंडळी, त्या दिवसांत नेलेलं एखादं पुस्तक अजून तुमच्याकडे असेल, तर आजच परत करा. आणि हो, थकलेली वर्गणीही भरून टाका.