कोळशांचा विस्तव

"मावशी, काल परत ओरडले आईवर."

"किती वाजता?"

मला वाटलं होतं, ती 'का' विचारेल. "सहाला. दहा मिनिटांनी तीच विचारते, जेवलीस का गं? रात्री गुडघे टेकले, क्षमा मागितली. पण दुखावलं आईला आणि क्षमा मागतेय देवाची, हे जरा सोयीचंच नाही का? मत्तयात येशू सांगतो, दान वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. मी कुणाशी करू? तिला आठवतच नाही."

"तिला पुन्हा आठवण करून देऊ नकोस. उगाच दुसऱ्यांदा घाबरेल."

"म्हणजे ती विसरली म्हणून मी सुटले?"

"कुठली सुटतेस! डोकं विसरलं, अंग विसरलेलं नाही. परवा तुझ्या हातून वाटी पडली, तर तिनं डोळे गच्च मिटून घेतले. तू वाटी उचलत होतीस. मी बघितलं."

हे मला ठाऊक नव्हतं. बराच वेळ काही बोलवेना.

"वर्षभर मागतेय, हा राग काढून घे म्हणून. पौलानंही तीनदा मागितलं होतं, पण शरीरातला काटा राहिलाच ना?"

"राहिला. पण पौलाचा काटा पौलाला टोचत होता. तुझा तिला टोचतो. पौलाच्या आडोशाला बसू नकोस, बाळा."

"मग प्रार्थना सोडून देऊ?"

"तू प्रार्थना करतेस कधी? ती झोपल्यावर. योहान काढ. 18व्या अध्यायात पेत्र कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा आहे आणि येशूला नाकारतोय. 21व्यात, तिबिर्याच्या काठावर, पुन्हा कोळशांचाच विस्तव. वर मासळी. तीनदा नाकारलं होतं, तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. पुन्हा असं करशील का, हे एकदाही विचारलं नाही. मेंढरं सोपवली."

"माझा विस्तव म्हणजे सहाची वेळ."

"तीच. दिवस मावळला की तिचा गोंधळ वाढतो, ती भाऊजींची वाट बघत दाराशी जाते. तू ऑफिसातून उपाशी आलेली. आधी चार घास खा, तेवढंही देवावर टाकू नकोस. मग तिचा हात धर आणि तिथंच, तिच्यासमोर, मोठ्यानं प्रार्थना कर."

"आणि तरीही ओरडले तर?"

मावशीनं चटकन उत्तर दिलं नाही, याचं मला बरं वाटलं. "तर मला फोन कर. मी येईन, तू दुसऱ्या खोलीत जा."

दुसऱ्या दिवशी सहाला आई दाराशी होती. "हे आले का गं?" माझे दात आवळले गेले. मी तिचा हात धरला, प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि तिसऱ्याच शब्दाला अडखळले. पुढचं आई म्हणाली. सकाळचा चहा न आठवणारी आई, कुठंही न चुकता. ऋण सोडण्याची ओळसुद्धा.

आमेन म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे आले का गं?"

"ये, बसून वाट बघू," मी म्हटलं.