उंदराचं औषध

आमच्या घराच्या मागे चार मागांचा कारखाना आहे. सोलापूरच्या पूर्व भागात यात काही विशेष नाही. पुढे संसार, मागे टॉवेल. सुताला खळ लावलेली असते, आणि खळ म्हणजे स्टार्च, उंदरांच्या लेखी पिठात घोळलेली दोरी. एका रात्रीत बीमवरचे धागे कुरतडले गेले की दुसऱ्या दिवशी माग बंद, कामगार बसून. त्यामुळे उंदीर मारावेत का, हा प्रश्न आमच्याकडे कधी कुणी विचारलाच नव्हता.

गेल्या पावसाळ्यात मी वर्क फ्रॉम होम घेऊन पुण्याहून आलो होतो. औषध मीच आणलं. (विषाला आपण औषध म्हणतो, हेही गंमतीचंच.) ब्रोमाडिओलोनच्या वड्या, 0.005 टक्क्यांच्या. दुकानदार म्हणाला, "घरात वास येत नाही, बाहेर जाऊन मरतात."

ते काम कसं करतं हे मी सवयीप्रमाणे वाचून काढलं. उंदीर संशयी असतो. नवं खाणं थोडंसं चाखतो, त्रास झाला तर पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून हे औषध आधी काहीच करत नाही. शरीर 'के' जीवनसत्त्व पुन्हापुन्हा वापरत असतं, तेवढी वाट ते अडवतं. साठा संपायला काही दिवस जातात, मग रक्त गोठेनासं होतं. तोवर उंदराला आपण काय खाल्लं आणि काय होतंय याचा संबंध लागत नाही. "बाबा, काय मस्त डिझाइन आहे!" असं मी खरोखर म्हणालो होतो.

भुऱ्या हे गल्लीतलं पिल्लू. पावसात आत आलं आणि राहिलं. वड्या आम्ही बीमखाली, हात पोचणार नाही अशा जागी ठेवल्या होत्या. पिल्लाचं तोंड पोचलं.

पाचव्या दिवशी ते निपचित पडलं. आईला वाटलं, भिजल्यामुळे कणकण असेल. तिने आयबुप्रोफेनची अर्धी गोळी गुळात दाबून तयार ठेवली होती. तेवढ्यात मला त्याच्या नाकाखाली रक्ताची रेघ दिसली आणि आम्ही त्याला उचलून पळालो. हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "पाकीट आणलंय का?" या विषाला के-1 हा उतारा आहे. शेतात वापरतात त्या काळपट झिंक फॉस्फाइडचा पोटात विषारी वायू होतो, त्याला उतारा नाही. गोळीचं ऐकून डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. तिने पोटात आणखी रक्तस्राव झाला असता. आईचा चेहरा मला अजून आठवतो.

भुऱ्या वाचला. महिनाभर रोज गोळी.

निष्काळजीपणाबद्दल बोलणी खाल्ली, ती रास्तच होती. पण छळत राहिलं ते वेगळंच. त्या पाच दिवसांत मी मीटिंगा केल्या, त्याला पोळी घातली, आणि मला काही कळलं नाही. उंदराला फसवायला ठेवलेला उशीर आम्हालाही फसवून गेला. मी ज्याला डिझाइन म्हणालो होतो, ते दवाखान्यातल्या टेबलावर पहिल्यांदा पाहिलं. भिंतीमागे कितीतरी उंदरांचं हेच होत होतं, आणि तिथे पाकीट कुणी विचारणार नव्हतं.

उंदीर आणि भुऱ्या मला सारखे नाहीत. एकासाठी मी मध्यरात्री स्कूटर काढेन, दुसऱ्यासाठी नाही, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. रेघ सगळेच ओढतात. 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात कावळा आणि वटवाघळाबरोबर उंदीर उपद्रवी म्हणून होता. 2022च्या दुरुस्तीत ते परिशिष्ट गेलं. जुन्या दंड संहितेच्या 428 आणि 429 या कलमांत जनावर मारण्याच्या गुन्ह्याला 10 आणि 50 रुपयांची किंमत बांधलेली होती. गल्लीतल्या भुऱ्याला तिथे कोण किती रुपये धरणार होतं?

मारणं टळत नसेल, हे मला पटतं. बाबांचं सूत मी भरून देऊ शकत नाही. पण दुकानदाराचं ते "बाहेर जाऊन मरतात" मला तेव्हा सोयीचं वाटलं होतं, आणि मी पैसे त्याचेच मोजले होते.

आता भिंतीची भोकं सिमेंटने बुजवली आहेत आणि पिंजरा आणलाय. पिंजऱ्यात उंदराचे डोळे दिसतात, हा त्याचा तोटा. पहिला सापडला तेव्हा मी पिंजरा घेऊन नाल्याकडे निघालो. बाबा मागाचा आवाज थांबवून म्हणाले, "तिकडे कुणाचे माग आहेत, माहीत आहे ना?"

मी पिंजरा हातात धरून तसाच दारात उभा राहिलो. भुऱ्या शेपूट हलवत तो हुंगत होता.