गोळी घेतली म्हणजे श्रद्धा उणी पडली का?

सत्संग संपतो, प्रसाद वाटून होतो, चपला घालायची गर्दी ओसरते, आणि मग एखादा साधक मागे रेंगाळून हळू आवाजात विचारतो, "काका, मी घाबरेपणावर गोळी घेतो. साधनेत चालेल ना?" रक्तदाबाच्या गोळीबद्दल असा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. इन्सुलिन घेणारे साधक शिबिरात जेवणाच्या पंगतीत बसून सुई टोचून घेतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. मनाच्या गोळीला मात्र आपण लाजतो. मन हेच आपल्या साधनेचे क्षेत्र आहे, त्यामुळे मन आजारी पडले की आपली साधनाच कमी पडली, असा हिशोब आपण नकळत मांडून बसतो.

हा हिशोब मीही मांडत होतो. तो चुकीचा आहे हे मला जसे कळले, ते सांगायला संकोच वाटतो. तरी सांगतो.

काही वर्षांपूर्वी इंदूरच्या आमच्या मराठी सत्संगाची सेवा माझ्याकडे होती. एका गुरुवारी एका दादांनी अनुभवकथन केले. तीन वर्षांची गोळी नामाने सुटली, आता रात्री शांत झोप लागते, असे ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. पहिली टाळी माझी होती. मागच्या रांगेत एक ताई बसल्या होत्या. त्यांना पॅनिकचा त्रास होता. एकाएकी छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, 'आता जीव जातो' अशी भीती. कार्डिओग्राम दर वेळी स्वच्छ येई. दोन वर्षे त्या क्लोनाझेपामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ घेत होत्या. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी उरलेली स्ट्रिप केराच्या डब्यात टाकली.

पहिले दोन दिवस चांगले गेले. त्यांनी मला फोन करून आनंदाने सांगितले, आणि मी म्हणालो, "गुरुकृपा आहे." तिसऱ्या रात्री झोप गेली. हात कापू लागले, भांड्याचा आवाजही सहन होईना. पुन्हा फोन आला. तेव्हा मी जे बोललो ते आठवले की आजही मान खाली जाते. मी म्हणालो, "ताई, ही शुद्धी आहे. नाम वाढवा." पाचव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात त्यांना फिट आली. गॅस चालू होता. सासूबाई शेजारच्या खोलीतच होत्या, म्हणून पुढचे टळले.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला बाजूला बसवून समजावले. क्लोनाझेपाम शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. गोळी बंद केल्यावरही दीड-दोन दिवसांनी तिचा साधारण निम्मा अंश रक्तात असतो. म्हणजे ज्या दोन दिवसांना मी कृपा म्हणालो, ते दोन दिवस औषधच काम करत होते. आणि ज्याला मी शुद्धी म्हणालो, ते औषध अचानक तुटल्याचे लक्षण होते. या गटातल्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम, मेंदूचा वेग आवरून धरतात. काही आठवडे त्या रोज घेतल्या की मेंदू त्या लगामाला धरूनच चालायला शिकतो. लगाम एकदम सोडला तर तो उधळतो. म्हणून या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-आठवड्याने, कधी कधी कित्येक महिने घेऊन उतरवायच्या असतात.

पुढे त्या दादांना मी निवांत भेटलो. बोलता बोलता कळले की त्यांच्या डॉक्टरांनी आधी चार महिने त्यांची गोळी पाव-पाव करून उतरवली होती. शेवटचा पाव तुकडा सुटला, तो दिवस त्यांनी सत्संगात सांगितला. चार महिने सांगायचे राहिले. त्यांनी लबाडी केली नव्हती. डॉक्टरांचा भाग त्यांना 'अनुभव' वाटलाच नव्हता, इतकेच. पण ऐकणाऱ्याच्या घरी तो न सांगितलेला भागच महागात पडला.

आपल्या परंपरेत हा भाग कधीच बाहेरचा नव्हता. चरकसंहितेत चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. पहिल्यात मंत्र, जप, उपवास येतात. दुसऱ्यात आहार आणि औषध. तिसऱ्यात मनाला अहितापासून आवरणे. तिन्ही एकाच सूत्रात, शेजारी शेजारी. त्याच ग्रंथात चांगल्या रुग्णाचे गुणही दिले आहेत. त्यांत एक आहे ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था वैद्याला नीट सांगता येणे. वैद्यापासून काही लपवणे हा रुग्णाचा दोष ठरतो. रामकृष्ण परमहंसांच्या घशाला कर्करोग झाला, तेव्हा १८८५ साली डॉ. महेंद्रलाल सरकार त्यांच्यावर उपचार करत होते. रमण महर्षींच्या हातावरच्या गाठीवर १९४९ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. त्यांची श्रद्धा उणी होती असे म्हणायला आपली जीभ धजेल का?

'पण ही सवय लागते ना?' असे साधक विचारतात. सगळ्या गोळ्या एकसारख्या नाहीत. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गोळ्यांची तल्लफ लागत नाही. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते. पुष्कळ जण याच पंधरवड्यात 'मला हे मानवत नाही' म्हणून सोडून देतात. असे वाटले तर सोडण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पंचविशीच्या आतील मुलांकडे या काळात घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. बरे वाटू लागल्यावरही या गोळ्या साधारणपणे कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतात. सोडतानाही हळूहळूच, नाहीतर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे सुरू होते.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांची गोष्ट निराळी. त्यांची सवय लागते हे खरे आहे. ते झाकून गोळीचे समर्थन करणे मला मान्य नाही. पाच वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणत राहणारे साधकही मी पाहिले आहेत. भीतीशी दोन शब्द बोलण्याची वेळच ते स्वतःवर येऊ देत नाहीत. अल्प्राझोलाम एच-१ अनुसूचीत आहे, म्हणजे ती विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव नोंदवून ठेवायचे असते. दुकानदार काणाडोळा करतो म्हणून आपणही करायचा का? आपली गोळी प्रवासात घाबरलेल्या शेजारणीला 'अर्धी घे' म्हणून देणे, ही तर दयेच्या वेषातली हिंसा आहे. तिला झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल, ती ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक घेत असेल, तर ती अर्धी गोळीही जिवावर बेतू शकते. दारूचेही तसेच.

मात्र शरीराला लागलेली सवय आणि मनाची आसक्ती या दोन गोष्टी आपण एक करतो. वर्षभर पाय प्लास्टरमध्ये ठेवला तर स्नायू दुबळे होतात, त्याला कोणी प्लास्टरची वासना म्हणत नाही.

साधकांच्या काही अडचणी डॉक्टरांच्या खोलीत निघतच नाहीत. एकादशीला गोळी चुकवायची नसते. निर्जळी उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, ते नको असेल तर डॉक्टरांकडून साधी गोळी लिहून घ्या. आवरण स्वतः फोडून पूड घेऊ नका, कारण काही औषधे सावकाश सुटण्यासाठीच तशी केलेली असतात. अश्वगंधा, जटामांसी 'नैसर्गिक' म्हणून चालू असतील तर तेही सांगा, गुंगी वाढू शकते. कपालभाती, भस्त्रिका यांसारख्या जलद श्वसनाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. चक्कर आणि मुंग्या येतात, आणि पॅनिकच्या रुग्णाला वाटते, आला झटका. त्याने संथ श्वासावर राहावे आणि शिकवणाऱ्याला आधी कल्पना द्यावी. शिबिराच्या अर्जात औषधांचा रकाना असतो. प्रवेश नाकारतील या भीतीने तो कोरा ठेवू नका, आणि आम्ही सेवेकऱ्यांनीही तो वाचून कोणाला कमी लेखू नये.

आता आमच्या सत्संगात औषध सुटल्याचे अनुभवकथन होत नाही. कोणाला उगाच गप्प बसवल्यासारखे होते, हे मला कळते, तरी नियम ठेवला आहे. कोणी विचारले तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. जवळ कोणी नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक देतो. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. गोळीबरोबर समुपदेशनाचाही पॅनिकवर चांगला गुण येतो, हेही सांगतो. नाम घ्यायला तर मी कोणालाच थांबवत नाही.

त्या ताईंनी गोळी पुन्हा सुरू केली आणि नव्या डॉक्टरांनी ती उतरवायला वर्ष घेतले. जपाच्या वहीतच त्या डाव्या पानावर डोस लिहीत आणि उजव्या पानावर माळा. मध्ये दोनदा डोस परत वाढवावा लागला. मी त्यांची क्षमा मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही टाळी वाजवलीत याचे नाही वाटले. मी फोन केला होता ना तिसऱ्या दिवशी, त्याचे वाटते."