दोष की घडण?

माणसाच्या स्वभावातील कोणती गोष्ट त्याचा दोष मानावी आणि कोणती त्याची घडण समजावी, हा प्रश्न नीतिविचाराइतकाच जुना आहे. अलीकडे तो आपल्या घरांत एका नव्या रूपाने येऊ लागला आहे. चाळिशी ओलांडलेला एखादा गृहस्थ किंवा दोन मुलांची आई मनाशी विचारते, ‘मला स्वमग्नता तर नसेल? तपासणी करून घ्यावी की नको?’

असा एक गृहस्थ कल्पनेत आणू या. कचेरीतील हिशेबात त्याचा हात धरणारा कोणी नाही. परंतु मिस्सेत शांतीची खूण देताना शेजाऱ्याच्या नजरेला नजर देणे त्याला जड जाते. लग्नातील बँडचा आवाज असह्य होऊन तो मांडवाबाहेर जाऊन उभा राहतो. कोणी त्याला घुमा म्हणतात, कोणी शिष्ट. वर्षानुवर्षे ऐकून त्यालाही ते खरे वाटू लागलेले असते.

ह्या अवस्थेच्या नावातच एक ठपका दडलेला आहे. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर ह्यांनी ‘स्वतः’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ हा शब्द घडविला, तोही निराळ्या विकाराच्या संदर्भात. पुढे १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर ह्यांनी ११ मुलांचे वर्णन करताना तो वापरला. मराठीत त्याची ‘स्वमग्नता’ झाली. स्वतःतच मग्न असणे हे आपल्या कानाला पापासारखे ऐकू येते. वस्तुतः अशा व्यक्तींपैकी पुष्कळजण दिवसभर इतरांचे चेहरे आणि शब्दांमागचे अर्थ उलगडण्याच्या श्रमानेच थकून जातात. त्यांना इतरांची पर्वा नसते, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

तपासणीला जाणाऱ्याची पहिली भीती अशी, की आपण सबब तर शोधत नाही ना? येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. कारण कळणे वेगळे आणि जबाबदारी सुटणे वेगळे. कठोर बोलण्याने पत्नीचे मन दुखावले, तर कारण कळल्यावरही क्षमा मागावीच लागते. मात्र जे आपल्या इच्छेने घडलेच नाही, त्याबद्दल स्वतःला पापी मानणे हीदेखील सदसद्विवेकबुद्धीची दिशाभूलच होय. विवेकाची तपासणी प्रामाणिक व्हावयाची, तर हेतू आणि घडण ह्यांची सरमिसळ होऊन चालत नाही.

दुसरी भीती घरच्यांची. स्वमग्नता दाखविणारी रक्ताची चाचणी नाही. तज्ज्ञ बालपणाची माहिती विचारतात, आणि ती बहुधा वृद्ध आईलाच ठाऊक असते. ‘लहानपणी हा कसा खेळत असे?’ ह्या साध्या प्रश्नात तिला आरोप ऐकू येतो. तिचे भय अगदीच निराधार नाही. ब्रुनो बेटेलहाइम ह्यांनी १९६७ सालच्या ग्रंथात आईबापांच्या मायेच्या अभावाला बोल लावला होता. तो सिद्धान्त आज पूर्णपणे टाकून देण्यात आला आहे. ही घडण जन्मजात असते आणि तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. हे आईला आधी सांगावे, मगच प्रश्न विचारावेत.

तिसरी भीती सर्वांत एकाकी असते. तज्ज्ञाने ‘तुम्हाला स्वमग्नता नाही’ असे सांगितले तर? मग आपण खरोखरच केवळ तुसडे ठरलो, असे त्या माणसाला वाटते. आपल्याकडे ह्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापनश्रेणीत ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण दिले जातात. एकूण ७० गुणांच्या खाली स्वमग्नता धरली जात नाही. पण ६८ गुण मिळालेल्या माणसाला बँडचा आवाज काही कमी टोचत नाही. प्रमाणपत्रासाठी कोठेतरी रेषा आखावीच लागते. दुःख मात्र त्या रेषेवर येऊन थांबत नाही.

मग तपासणी करावी की नाही? २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. ज्याला नोकरीत किंवा उपचारात त्याचा आधार हवा असेल, किंवा ज्याला स्वतःविषयीचे सत्य जाणून घ्यावेसे वाटते, त्याने संकोच करू नये. ज्याला ते नको असेल, त्याच्यावर सक्तीही नसावी. भाचीचे लग्न मोडेल म्हणून त्याला गप्प बसविण्याचा अधिकार मात्र कुटुंबाला नाही.

कॅनर ह्यांच्या ११ मुलांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट ह्या लहानशा गावी वाढला. त्याने तेथील बँकेत नोकरी केली, मोटार चालविली, प्रवास केला, आणि २०२३ साली ८९व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्या विकाराचे नाव सर्व जगाच्या ग्रंथांत छापले गेले होते. परंतु त्याचे आयुष्य सुखाचे झाले, त्यात घरच्यांच्या पाठबळाइतकाच गावाने त्याला आहे तसा सामावून घेतल्याचाही वाटा होता.

तपासणीचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा आहे. आपल्या वाट्याचे काम त्यासाठी थांबत नाही. मांडवाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला जेवणाचे ताट तेथे नेऊन देण्यासाठी कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नसते.