आज अडखळला नाहीस!

तोतरं बोलणाऱ्याला घरीदारी एकच सल्ला मिळतो: 'सावकाश बोल, घाबरू नकोस.' आजीच्या पिढीने वेखंड उगाळून जिभेला लावलं. त्यामागे माया होती, हे मी मनापासून मानतो. पण शब्द ओठांशी अडलेला असतो तेव्हा काय म्हणायचंय ते आतून लख्ख ठाऊक असतं. 'सावकाश' कानावर पडलं की सगळं लक्ष जिभेकडे जातं आणि अडलेलं आणखी अडतं. जगात शंभरातलं साधारण एक मोठं माणूस असं बोलतं. याचा संबंध मेंदूतल्या जुळणीशी आणि आनुवंशिकतेशी आहे, भित्रेपणाशी नाही.

शाळेतल्या चिडवण्याबद्दल फार लिहीत नाही. ते कोणाला चुकलंय? मला जास्त लागलं ते कौतुक. एका लग्नघरी गावच्या पाण्यावरून विषय निघाला, मीही बोललो. काकू आनंदाने म्हणाल्या, "आज किती छान बोललास रे, एकदाही अडखळला नाहीस!" पाण्याबद्दल अवाक्षर नाही. न अडखळण्यासाठी मी काय केलं होतं, ते त्यांना कसं दिसणार? 'पाटबंधारे खातं' जमेना म्हणून 'धरणवाले' म्हटलं होतं, आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तसाच गिळला होता. असे शब्द बदलता येतात. स्वतःचं नाव आणि उतरायचं गाव मात्र बदलता येत नाही. कंडक्टरसमोर 'कराड' फुटेना म्हणून साताऱ्याहून इस्लामपूरचं तिकीट काढून मी कराडला उतरलोय.

१९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन यांच्या देखरेखीखाली अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर एक प्रयोग झाला. जॉन्सन स्वतः तोतरे होते. व्यवस्थित बोलणाऱ्या काही मुलांना 'तू अडखळतोस, नीट बोलता येत नसेल तर बोलू नकोस' असं वारंवार बजावलं गेलं. ती तोतरी झाली असं ठामपणे म्हणता येत नाही, पण बोलायलाच कचरू लागली. विद्यापीठाने २००१ साली माफी मागितली. त्या मुलांचं मुकं होत जाणं वाचताना मला धक्का बसला नाही, ओळख पटली.

माझ्या कचेरीत एक सहकारी आहे. मी अडलो की तो शब्द पुरवत नाही, नजर खाली घालत नाही, नुसता थांबतो. माझं बोलून झालं की म्हणतो, "छे, हे मला पटत नाही," आणि मुद्द्यावर तुटून पडतो. अशा भांडणात मी कितीही वेळ अडखळायला तयार आहे.