भरपाई कोणास पोहोचली?

सुटीत सहकुटुंब प्रवास करीत असता अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानातील लेव्हनवर्थ येथील सरकारी मत्स्यसंवर्धनगृह पाहण्याचा योग आम्हांस आला. हौदांतील सॅमन माशांची असंख्य पिले पाहून मुले हरखली.

परंतु ते का बांधिले हे कळताच आमचा आनंद ओसरला. कोलंबिया नदीवरील ग्रँड कूली धरण १९४२ साली पुरे झाले. त्यात माशांस वर जाण्याची वाट ठेविलीच नाही. त्या हानीची ही भरपाई होय. मासे नेले, मासे दिले. हिशेब बरोबर दिसतो. पण वरच्या अंगास केटल फॉल्स येथे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे मूळ रहिवासी १९४० साली जमून त्या धबधब्यासाठी रडले. पुढे तो जलाशयात बुडाला. येथील मासा समुद्रातून परततो तो येथल्याच ओढ्यात. देणे एकाचे असता दुसऱ्याच्या दारी रक्कम ठेवावी, यास फेड म्हणावे काय? (पिलांस जपणाऱ्या कामगारांस आम्ही दोष देत नाही.)

“मग त्या लोकांस काय मिळाले?” धाकटीने विचारिले. १९९४ साली कोलव्हिल जमातींस ५ कोटी ३० लक्ष डॉलर व वार्षिक रक्कम ठरली, असे आम्ही सांगितले.

“पण बाबा, त्यांचे तर मासे गेले होते ना?”