औषध : उपकार की हक्क?



परवा नववीच्या वर्गात क्षयरोगाचा धडा शिकवीत होतो. एका मुलीने उठून विचारले, "सर, श्रीमंत देश गरीब देशांतल्या रोग्यांसाठी पैसे पाठवतात म्हणे. उद्या त्यांनी पाठवले नाहीत तर?" तास संपल्याची घंटा झाली आणि माझी सुटका झाली. पण प्रश्न सुटला नाही. म्हणून तो आज तुमच्यापुढे मांडतो. रोग्याच्या हातावर पडणारी गोळी हा देणाऱ्याचा उपकार, की घेणाऱ्याचा हक्क?

याचा विचार हवेत करून चालणार नाही. एका देशाची हकीकत पाहू. जुलै २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरी एड्सविषयी जागतिक परिषद भरली. तेथे न्यायमूर्ती एडविन कॅमेरॉन बोलावयास उभे राहिले. ते स्वतः एचआयव्हीग्रस्त होते. त्यांच्या सांगण्याचा आशय असा की, मला औषध विकत घेता येते म्हणून मी जगलो आहे. माझ्या लाखो देशबांधवांना ते घेता येत नाही, म्हणून ते मरत आहेत. रोग एकच, औषधही एकच. फरक फक्त खिशाचा!

त्या काळी या उपचाराला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. औषध बनवायलाच एवढा पैसा लागत होता काय? मुळीच नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तोच तीन औषधांचा उपचार गरिबांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या एका संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. भारताच्या १९७० च्या कायद्याप्रमाणे तेव्हा औषधावर पेटंट मिळत नसे. ते बनविण्याच्या रीतीवरच मिळे. म्हणूनच हे शक्य झाले. याचा अर्थ काय? ती किंमत औषधात नव्हती, नियमात होती. आणि माणसांनी केलेला नियम माणसांना मोडता येतो, हे तुम्हा-आम्हाला कोणी शिकवायला नको.

आता मदतीकडे वळू. एप्रिल २००१ मध्ये नायजेरियातील अबुजा येथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांपुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मोठ्या निधीची हाक दिली. त्यातूनच जानेवारी २००२ मध्ये एड्स, क्षय आणि मलेरिया यांच्याविरुद्धचा ग्लोबल फंड जिनिव्हात सुरू झाला. त्याच्या मंडळात वीस मते आहेत. निम्मी देणाऱ्या बाजूची, निम्मी घेणाऱ्या बाजूची; आणि त्यांतील एक मत या रोगांनी पीडित असलेल्यांच्या प्रतिनिधीचे. रोग्याला मत! भिक्षा वाढणारा भिकाऱ्याला कधी मत विचारतो काय? येथे दानाची भाषा मागे पडून हक्काची भाषा सुरू होते.

ही भाषा आपोआप आली नाही. दक्षिण आफ्रिकेत १० डिसेंबर १९९८ रोजी 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' ही संघटना उभी राहिली. तिचे एक संस्थापक झॅकी अचमत स्वतः एचआयव्हीग्रस्त. सरकारी दवाखान्यात गरिबाला औषध मिळेपर्यंत मीही घेणार नाही, असा त्यांनी पण केला. प्रकृती ढासळली तरी २००३ पर्यंत तो पाळला. स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा करणाऱ्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या. एप्रिल २००१ मध्ये त्यांना दावा मागे घ्यावा लागला. पुढे स्वतःचेच सरकार गरोदर मातांना सर्वत्र औषध देईना, तेव्हा संघटनेने त्यालाही न्यायालयात खेचले. जुलै २००२ मध्ये तेथील घटना न्यायालयाने निकाल दिला की, औषध दिलेच पाहिजे.

तरीही कोणी म्हणेल, "पैसा ज्याचा, मर्जी त्याची." जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठविली, तेव्हा हेच दिसले. अनेक देशांत दवाखान्यांना कुलुपे लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जोहान्सबर्गला ग्लोबल फंडाने १८ अब्ज डॉलर मागितले. आश्वासन मिळाले ११ अब्जांच्या आसपास. दात्याची मूठ मिटली की रोग्याचा श्वास अडतो. असे दान कितीही मोठे असो, ते माणसाला मिंधे ठेवते.

परंतु सगळा दोष दात्याच्या माथी मारणे हाही अप्रामाणिकपणा होईल. अबुजा येथेच आफ्रिकी सरकारांनी अंदाजपत्रकाचे १५ टक्के आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले होते. बहुतेकांनी ते पाळले नाही. म्हणजे हक्क मागणाऱ्याला दोन दारे ठोठवावी लागतात : एक श्रीमंताचे, दुसरे आपल्याच सरकारचे. दक्षिण आफ्रिकेच्या लोकांनी दुसरे दारही ठोठावले. म्हणून तेथे एड्सच्या गोळ्यांचा बहुतांश खर्च सरकार स्वतः करते. २०२५ साली त्या देशातही दवाखाने बंद पडले, कर्मचारी घरी बसले, हाल झालेच. पण गोळीसाठी तो देश परक्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हता.

मदत करणाऱ्याविषयी कृतज्ञता असावी, लाचारी नसावी. आपल्याकडे क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, असे आपण म्हणतो. 'फुकट' हा शब्द टाकून द्या. काडेपेटीपासून कापडापर्यंत आपण जो कर भरतो, त्यातून ती येतात. घरात कोणाला दोन आठवडे खोकला असेल तर तो लपवू नका, दवाखान्यात जा. औषध नाही असे उत्तर मिळाले तर मान खाली घालून परत फिरू नका. का नाही, ते विचारा.

त्या मुलीला मी उद्या सांगणार आहे : बाळ, जे दुसऱ्याच्या मर्जीने मिळते ते त्याच्या मर्जीने जाते. म्हणून दिलेले घ्यावे, पण तेवढ्यावर थांबू नये.